मोरपंखी चिंधी

उन्हाळ्याच्या दुपारी सगळं कमठाणा गाव सावली धरून आडवं झालेलं असतं, तेव्हा विजयश्रीअक्का खिडकीला जाड चादर लावून चांदण्या बघत बसलेल्या असतात. खोटं वाटेल, पण कुणीही जाऊन खात्री करून घ्यावी. पूर्वी त्या खोलीत तुरीची पोती असायची. आता तिथं एक टेबल, एक भलामोठा स्क्रीन आणि टेबलाच्या कोपऱ्यात पावडरीचा जुना पत्र्याचा डबा आहे.

अक्कांचे यजमान धनराज हे तुरीचे शेतकरी आणि गावातले नामांकित थट्टेखोर. दारात कुणी आलं की ते ओसरीवरूनच सांगतात, "बसा, बसा. आमची मंडळी चिलीला गेलीय. चहाच्या टायमाला येतीय."

चिली हा देश पृथ्वीच्या पार पलीकडच्या अंगाला आहे. आपल्याकडं उजाडायच्या सुमाराला तिकडं अंधार पडतो, आणि आपली दुपार कलली की तिकडं उजाडतं. तिथल्या एका बोडक्या डोंगरावर, जिथं पाऊस म्हणून कधी पडत नाही, भाड्यानं मिळणाऱ्या दुर्बिणी बसवलेल्या आहेत. कलबुर्गीतल्या काही हौशी मंडळींनी मिळून त्यातल्या एका दुर्बिणीचे तास घेतलेत. कुठं बघायचं आणि किती वेळ बघायचं हे इथं बसून कॉम्प्युटरवर सांगायचं. तिकडं छप्पर उघडतं, दुर्बीण आपली आपण वळते आणि फोटो घेत राहते. कमठाण्यात लाइट गेली तरी तिकडचं काम थांबत नाही, याचं धनराजना फार कौतुक.

या मंडळींचा म्होरक्या किरणकुमार. कलबुर्गीच्या एका कॉलेजात तो फिजिक्स शिकवतो. तो अक्कांचा जावई, पण त्याआधी धनराजांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा. आपल्या भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, त्या हिशोबानं अक्कांची मुलगी अंबिका त्याच्या घरी गेली. त्यामुळं अक्का त्याच्या सासूही आणि मामीही. लहानपणी ज्याचं नाक पुसलं त्याला लग्नाच्या दिवसापासून अक्का 'तुम्ही' म्हणू लागल्या, आणि तोही मामींसमोर खुर्चीच्या कडेवर बसू लागला. नातं जवळ आलं की माणसं अशी लांब बसतात.

ही मंडळी ज्या तेजोमेघांचे, म्हणजे ताऱ्यांमधल्या चमकत्या वायूच्या ढगांचे, फोटो काढतात ते इतके फिके असतात, की त्या डोंगरावर उभं राहून बघितलं तरी डोळ्यांना तिथं नुसता काळोख दिसेल. म्हणून कॅमेऱ्यापुढं खास फिल्टर लावतात. एक फिल्टर हायड्रोजनचा लाल उजेड तेवढा आत सोडतो, दुसरा ऑक्सिजनचा निळसर हिरवा; बाकी सगळा उजेड बाहेर. धनराजनी हे एकदाच ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे चाळणी की! तूर खाली, खडे वर."

तरीसुद्धा एका फोटोत काही दिसत नाही, नुसती खरखर. असे कितीतरी दुपारींचे फोटो एकावर एक रचले, की खरखर मागं हटते आणि मेघ हळूहळू वर येतो. पण येतो तो काळापांढरा. हायड्रोजनच्या फोटोला कुठला रंग द्यायचा, ऑक्सिजनच्याला कुठला आणि दोन्ही किती मिसळायचे, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. कलबुर्गीची शिकलेली मंडळी सगळं गणित करून नेमकी या पायरीवर येऊन अडली होती.

आणि रंग भरणं हे तर अक्कांचं माहेरचं काम.

अक्कांचे वडील गुंडेराव यांचा खटकचिंचोळीच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. मागं बंगला आणि कारंजं रंगवलेला पडदा, पुढं एक लाकडी खुर्ची, आतल्या बाजूला लाल बल्बची अंधारी खोली. तेव्हाच्या विजयश्रीला घरात विजू म्हणत. विजूला त्या लाल खोलीचं फार वेड. औषधाच्या पाण्यात कोरा कागद सोडायचा, आणि बघता बघता त्यावर कुणाच्या तरी मिशा, कुणाची तरी नथ, मग अख्खं माणूस उमटायचं. बाजारच्या दिवशी गुंडेराव, म्हणजे तिचे अप्पा, तिला स्टुलावर उभी करत आणि कागद हलवायला देत. तो वास, ते लाल अंधारातलं गुपचूप काम, अप्पांचा तो खोकला, हे सगळं अक्कांना आजही लख्ख आठवतं.

फोटो काळापांढरा निघायचा, पण लोकांना भिंतीवर रंगीत हवा असायचा. मग काडीला कापूस गुंडाळून, पातळ रंगाचा एकेक हात देत गुंडेराव तो रंगवत. कुठलं लुगडं नेसलं होतं हे मात्र ते कधीच तोंडी ऐकून घेत नसत. हिरवं म्हटलं तर हिरवं कसलं? पोपटाचं, मुगाचं, की तळ्यातल्या शेवाळाचं? ते म्हणायचे, "बोलू नका, चिंधी आणा." मग बायका पदराच्या आतल्या काठातून नाहीतर चोळीच्या शिवणीतून बोटभर कापड कापून आणायच्या. पंचक्रोशीत तसा रिवाजच पडला. मुलगी दाखवायची तर आधी फोटो, आणि फोटोबरोबर चिंधी. काम झालं की ती चिंधी पावडरीच्या डब्यात पडायची. विजू दुपारभर त्या डब्याशी खेळायची आणि कुठली चिंधी कुणाची हे घडाघडा सांगायची.

गुंडेरावांचा आणखी एक नियम होता. चिंधी जुन्या, विटलेल्या लुगड्याची असली, तर ते रंगाचे दोन हात जास्त द्यायचे.

"कपडा धुवून धुवून इटतो, बाळ," ते सांगायचे. "आपण कामून इटका रंग लावायचा? नवं नेसल्याच्या दिवशी कसं दिसलं आसंल, तसं लावायचं."

विजू नऊ वर्षांची असताना तिची आई, चंद्रभागाबाई, तापानं गेली. आईचा एकच फोटो होता, तोही काळापांढरा. दिवसकार्य झाल्यावर गुंडेरावांनी तो रंगवायला घेतला. आईचं इरकल लुगडं नवंच होतं, त्या वर्षीच्या दिवाळीचं. अंग मोरपंखी आणि पदर लाल. त्याच्या आतल्या काठातून त्यांनी स्वतः चिंधी कापली, आणि विजूला म्हणाले, "तू धर." ती चिंधी धरून उभी राहिली आणि अप्पा रंगवत राहिले.

पुढं त्या लुगड्याची गोधडी झाली, गोधडीचं पोतेरं झालं. फोटो स्टुडिओच्या भिंतीवर उन्हात राहून राहून पांढरा पडला. आईचा आवाजही विजू हळूहळू विसरली, आणि हे ती कुणाला सांगू शकली नाही. शिल्लक राहिली ती डब्यातली चिंधी. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं की डोळ्यांपुढं जो रंग यायचा, तो एवढाच आता तिच्याजवळ होता.

रंगीत रोल आले आणि हातानं रंगवायचं काम बसलं. स्टुडिओच्या जागी पुढं भांड्यांचं दुकान झालं. विजूचं लग्न होऊन ती कमठाण्याला आली, डबा ट्रंकेत गेला, आणि तूर, म्हशी, सासू, पोरगी यांच्या धबडग्यात तीस-पस्तीस वर्षं कशी गेली ते तिलाही कळलं नाही.

मग चारेक वर्षांमागं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, सगळे शेतात जमले होते. आंबिल पिऊन, भज्जी-भाकरी खाऊन माणसं सुस्तावली होती. किरणकुमारनं खोपीच्या सावलीत लॅपटॉप उघडून मामाला एक तेजोमेघ दाखवला. अक्का भांडी आवरता आवरता मागं थबकल्या. काळ्या पडद्यावर धूसर पांढरं काहीतरी वर येत होतं. त्यांना एकदम लाल बल्ब आठवला, पाण्यातला कागद आठवला.

"रंग कुठला द्यायचा तेच कळंना, मामी," किरणकुमार म्हणाला.

"चिंधी आणा की," अक्का बोलून गेल्या.

सगळे हसले. "तिथं जाऊन चिंधी कोण आणणार?"

"मग मीच आणते," अक्का म्हणाल्या. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ट्रंक उघडली. हायड्रोजनला आठवणीतल्या पदराचा लाल, ऑक्सिजनला चिंधीतला मोरपंखी. किरणकुमारनं कॉम्प्युटरवर रंग सरकवत न्यायचा आणि अक्कांनी चिंधी स्क्रीनजवळ धरून "अजून, अजून, बास!" म्हणायचं, असं ते पहिलं काम झालं. फोटो बघून कलबुर्गीची मंडळी चकित झाली. देशोदेशीचे लोक इंटरनेटवर विचारू लागले, हा रंग कसा साधला? मंडळात त्याचं नावच पडलं, मामी-रंग. पुढं अक्का कॉम्प्युटर शिकल्या. तिकडून आलेले फोटो बघायचे, ढग आलेले टाकून द्यायचे आणि शेवटी रंग भरायचा, हे सगळं त्यांच्याकडं आलं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना वाटलं, की आपण अप्पांच्या खुर्चीवर बसलोय.

चिंधी मात्र आता म्हातारी व्हायला लागली होती. दरवेळी डबा उघडला की ती अक्कांना आधीपेक्षा मळकट दिसायची. मोरपंखी रंगात मातकट छटा उतरत होती. जीव हळहळायचा, पण अप्पांचा नियम हाताशी होता. चिंधी विटली, तर दोन हात जास्त. मग पुढच्या वर्षी तीन हात, मग चार.

यंदा मंडळींनी मोठा बेत केला. दक्षिणेच्या आकाशात हजारो वर्षांपूर्वी एक तारा फुटला होता, त्याचे धागे अजून पसरत चाललेत. ऑक्सिजनचे ते धागे फार नाजूक आणि फार फिके. हिवाळाभर दुर्बीण त्यांच्यावर लावून ठेवली. पुढं कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात तो फोटो भिंतभर लागला, खाली नाव, 'रंग : विजयश्री धनराज'. अक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, धनराजना घेऊन कलबुर्गीला गेल्या.

फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. धागे होते, लाल होता, पण मोरपंखी मेलेला होता. मळकट, धुतलेला.

"ह्यो माझा रंग न्हाई," त्या म्हणाल्या.

किरणकुमार बुटांकडं बघत पुटपुटला, "छापताना थोडा फरक पडतो, मामी."

"खोटं कामून बोलायलात?" अंबिका मध्येच म्हणाली. पोरगी आईवर गेलेली, पोटात काही राहत नाही. "आई, वरीस झालं, तू भरलेला रंग हे कमी करायलेत. लई भडक यायलाय तुझा रंग, डोळ्यांत घुसतोय. तुला सांगायचं धाडस होईना ह्यांना."

अक्का तशाच बाहेर पडल्या. जावयाच्या घरचं पाणीही न पिता त्यांनी बस गाठली. बसमध्ये धनराजनी दोन विनोद करून बघितले आणि मग तेही खिडकीबाहेर बघू लागले.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरची चादर निघाली. स्क्रीनवर फडकं पडलं. रंग चुकला म्हणून कुणी बोललं असतं तर अक्का भांडल्या असत्या. पण मागच्या मागं आपला रंग पुसून टाकला, तोही वर्षभर, आणि आपण मात्र त्याखाली आपलं नाव मिरवत राहिलो, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. शिवाय तो रंग एकट्या अक्कांचा कुठं होता? आईचा शेवटचा उरलेला रंग तो. धनराज ओसरीवर बसून आल्यागेल्याला नुसतं "या" म्हणायचे. त्यांनाही करमेना.

आठवड्यानं अंबिका आली. माफी मागायला आली होती. अर्धी मागून झाल्यावर पुन्हा भांडू लागली. अक्कांनी रागानं डबा उघडून चिंधी तिच्यापुढं टाकली.

"मनानं भरते व्हय मी रंग? ही बघ. इटलीय म्हणून चार हात जास्त देते. अप्पांनी शिकिवलंय मला."

अंबिकानं चिंधी उचलली, उजेडात धरली आणि आईकडं बघत राहिली.

"आई, कुठं इटलीय ही? नवीन लुगड्यासारखी हाय की."

अक्का हसल्या, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी धनराजना हाक मारली. "अहो, ह्याचा रंग कसा दिसतोय?" धनराजनी चिंधी बघितली, बायकोचा चेहरा बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा थट्टा न करता उत्तर दिलं, "मोराच्या गळ्यासारखा."

बिदरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. नजरेवर पिवळट पडदा आलाय, त्यातून निळा रंग आधी मरतो. हे एकदम होत नाही, वर्षानुवर्षं होतं, म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही. आधी उजवा डोळा करू, मग डावा.

ऑपरेशनची भीती अक्कांना वाटली नाही. भीती वेगळीच होती, आणि ती त्यांनी फक्त धनराजना सांगितली. पडदा निघाल्यावरही चिंधी मळकटच दिसली, तर मायचा रंग खरंच गेला म्हणायचा. आणि चांगली दिसली, तर आपण इतके दिवस मायच्या नावानं भलतंच काही रंगवत बसलो. "दोन्हीकडून मीच हरायलेय," त्या म्हणाल्या.

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघून अक्का घरी आल्या, तरी दोन दिवस त्यांनी डब्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी धनराज शेताकडं गेलेले बघून त्या काळा चष्मा काढून उंबऱ्यावर बसल्या आणि डबा उघडला.

डाव्या डोळ्यावर हात ठेवला. चिंधी मोरपंखी होती. जशीच्या तशी, दिवाळीला घडी मोडली तेव्हासारखी. उजव्या डोळ्यावर हात ठेवला, चिंधी मळकट झाली. पुन्हा डावा झाकला, पुन्हा ती लखलखली. रंग कुठंही गेला नव्हता. इतकी वर्षं तो डब्यात तसाच बसून होता, गेलं होतं ते आपलं वय. अक्कांना एकदम आईच्या मांडीची ऊब आठवली, इतकी खरी की त्या उंबऱ्यावरच वाकल्या. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही असं बजावून सांगितलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

रडून झाल्यावर त्यांनी स्क्रीनवरचं फडकं काढलं आणि आपण रंगवलेले ताऱ्याचे धागे उघडले. "अगं बाई!" त्यांच्या तोंडून निघालं. जत्रेतल्या पाळण्यासारखा तो निळा झगमगत होता. त्यांना लाजही वाटली आणि हसूही आलं.

रविवारी अंबिका आणि किरणकुमार भेटायला आले. किरणकुमार नेहमीसारखा खुर्चीच्या कडेवर बसला. अक्का म्हणाल्या, "प्रदर्शनातला फोटो आणलाव का? मी अंबिकाला सांगितलं होतं." त्यानं अपराधी चेहऱ्यानं गुंडाळी सोडून मावेल तेवढी टेबलावर पसरली. अक्कांनी चिंधी काढली आणि ऑक्सिजनच्या एका धाग्यावर ठेवली. चांगला डोळा जवळ नेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या. चिंधी कुठं संपते आणि फोटो कुठं सुरू होतो, कळत नव्हतं.

"हा रंग कुठून घेतलाव?" त्यांनी विचारलं. "चिंधी तर माझ्याजवळ होती."

किरणकुमार गडबडला. "मी माझ्या मनानं न्हाई केला, मामी. आपण येळवशीला पहिला फोटो रंगवला होता बघा. तुम्ही 'बास' म्हणलाव, त्यो रंग. दरवेळी त्यो फोटो शेजारी ठेवायचो आन् त्याला जुळेपर्यंत कमी करायचो. तुमचाच रंग हाय. मी निस्ता संभाळला."

इतके दिवस ज्याला अक्का चोर समजत होत्या, तो वर्षभर त्यांच्याच पहिल्या फोटोची चिंधी करून आईचा रंग राखत बसला होता.

अक्का उठल्या आणि आतून कात्री घेऊन आल्या. अंबिका "आई, नको," म्हणेपर्यंत त्यांनी चिंधीचे मधोमध दोन तुकडे केले. एक डब्यात टाकला आणि दुसरा किरणकुमारच्या हातात दिला.

"ठेव तुझ्याजवळ," त्या म्हणाल्या. त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'तू' निघालं होतं. "पुन्हा माझे डोळे चुकले तर ह्याच्यावरनं जुळव. आन् दोन हात जास्त देऊ नको रं पोरा. हे इटलेलं न्हाई."

किरणकुमारनं ती चिंधी खिशात ठेवली नाही. चहा येऊन गार झाला तरी तो ती मुठीत धरून, खुर्चीवर मागं टेकून बसला होता.